सॅलड कशाला म्हणावे?

फेस्ताच्या आधीच्या रविवारी आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळाने यंदा सॅलड स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक म्हणून आम्हांला खुर्चीवर बसविले होते. धर्मगुरूला प्रवचन करता येते म्हणजे त्याला चवही कळत असली पाहिजे, असा आपल्या लोकांचा एक भाबडा समज आहे. त्या समजाचा आम्ही त्या दिवशी लाभ घेतला आणि पुढे पस्तावलो. ती हकीगत या पानावर सांगतो, कारण प्रश्न केवळ चवीचा नाही. तो आपल्या शेताचा व प्रकृतीचाही आहे.

टेबलावर चौदा ताटल्या मांडल्या होत्या. कोणी टोमॅटोचे गुलाब कोरले होते, कोणी काकडीची होडी करून तिला गाजराचे शीड लावले होते. एका आखाती देशातून परतलेल्या सूनबाईंनी बटाटा, वाटाणा, अंडी व मेयोनीज घालून केलेले रशियन सॅलड काचेच्या भांड्यात आणले होते. एकीने कस्टर्डमध्ये केळी, सफरचंद व डाळिंबाचे दाणे घालून फ्रूट सॅलड केले होते. मोड आलेले मूग होते, मॅकरोनी होती, बीट होते. टेबलाच्या अगदी टोकाला एका मावशींनी स्टीलच्या ताटलीत कच्ची मेथी बारीक चिरून, कांदा, शेंगदाण्याचे कूट, तिखट, लिंबू व कच्चे तेल घालून केलेली पचडी ठेवली होती. बाजूला मुळ्याची कोवळी पाने व ज्वारीची अर्धी भाकरी. मावशींचे माहेर पूर्वेकडच्या काळ्या रानातले, तिकडे ही रोजची गोष्ट. मंडळाच्या एका बाईंनी ती ताटली पाहिली आणि म्हणाल्या, "मावशी, ही भाजी झाली हो. सॅलड नव्हे."

आम्ही पहिला क्रमांक रशियन सॅलडला दिला, दुसरा काकडीच्या होडीला, तिसरा फ्रूट सॅलडला. पचडी आम्ही चाखली; चवीला ती सर्वांत सरस होती हेही आम्हांला कळले. तरी क्रमांक दिला नाही, कारण ती सॅलडसारखी दिसत नव्हती. ताटली उचलताना मावशींनी विचारले, "काय ओ फादर, मग मी आणलेलं काय होतं?" आम्ही हसून वेळ मारून नेली.

पंधरा दिवसांनी आमच्याच धर्मग्रामातील एक शेतकरी गृहस्थ भेटले. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी त्यांना जेवणाच्या सुरुवातीला सॅलड खाण्यास सांगितले होते. "खातो की फादर, रोज वाटीभर," ते समाधानाने म्हणाले, "तुम्ही पहिला नंबर दिलेलंच घरी करतात." म्हणजे हे गृहस्थ भाकरी व भाताच्या आधी रोज वाटीभर बटाटा व मेयोनीज खात होते, आणि आमच्या निर्णयाच्या भरवशावर खात होते. त्या रात्री आम्हांला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून सॅलड म्हणजे काय याचा आम्ही थोडा शोध घेतला. सेमिनरीत शिकलेले लॅटिन येथे प्रथमच काही उपयोगी पडले. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात. रोमन लोक हिरवा पाला मीठ, तेल व शिरका लावून खात, त्या खारवलेल्या पाल्यावरून सॅलड हा शब्द आला. पोर्तुगीजांचा 'सालादा' तोच. म्हणजे शब्दाच्या मुळाशी मीठ आहे. मेयोनीज नाही, टोमॅटोचा गुलाब तर नाहीच. टोमॅटो, बटाटा, मिरची व मका ही पिके अमेरिका खंडातली. कोलंबसापूर्वी युरोपात ती कोणाला ठाऊकच नव्हती.

पुढे ज्या त्या देशाने आपल्या सोयीने या शब्दात काय वाटेल ते भरले. आम्ही सेमिनरीत असताना एक वृद्ध जर्मन धर्मगुरू तेथे राहत. नाताळच्या आदल्या रात्री त्यांना उकडलेल्या बटाट्याचे सॅलडच लागे, त्याबरोबर सॉसेज मिळाले तर त्यांचा नाताळ साजरा. त्यांच्या घरी बटाट्याच्या गरम फोडींवर मांसाचा रस्सा व शिरका ओतीत. त्यात मेयोनीज घालणारे ते उत्तरेकडचे लोक, असे ते जरा तुच्छतेनेच म्हणत. एकाच देशात, एकाच बटाट्यावरून दोन तट! आपल्याकडे आमटीत गूळ घालावा की नाही यावर जसे होतात तसेच.

आपण ज्याला रशियन सॅलड म्हणतो त्याला रशियन लोक ऑलिव्हिए म्हणतात. १८६० च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज नावाच्या उपाहारगृहात लुसियें ऑलिव्हिए नावाच्या आचाऱ्याने ते प्रथम केले. तेव्हा त्यात शिकारीच्या पक्ष्यांचे मांस असे आणि ते श्रीमंतांचे पक्वान्न होते. बटाटा, वाटाणा, अंडी व खारवलेली काकडी हे पुढच्या काळातले साधे रूप. रशियात नववर्षाच्या रात्री ते घरोघर होते, आणि ते तिकडच्या कडक थंडीत. तेव्हा ताजा पाला कोठून मिळणार? तळघरात जे टिकते त्याचेच सॅलड व्हायचे. हे ध्यानात घेतले म्हणजे तो पदार्थ चुकीचा वाटत नाही. तो त्यांच्या हवेला धरून आहे, आपल्या हवेला नाही, एवढेच. आपल्याकडे मेयोनीज घातलेले भांडे फेस्ताच्या मंडपात दुपारी दोनपर्यंत उघडे राहिले तर काय होते, हे ज्यांनी एकदा भोगले आहे त्यांना सांगावयास नको.

सीझर सॅलड नावाचा प्रकार मोठ्या हॉटेलांत मिळतो. त्याचा रोमच्या सम्राटाशी काडीचा संबंध नाही. मेक्सिकोतील तिहुआना गावी १९२४ साली सीझर कार्दिनी नावाच्या इटालियन हॉटेलवाल्याने ते केले असे सांगतात. अमेरिकेत तर गेल्या शतकात कोबी व गाजर गोड-आंबट जेलीत गोठवून त्यालाही सॅलड म्हणत. लाओसमध्ये मांसाचा खिमा, पुदिना, लिंबू व भाजलेल्या तांदळाची पूड एकत्र करतात, तेही सॅलडच. ब्रह्मदेशात चहाची आंबवलेली पाने शेंगदाणे, तीळ व तळलेल्या लसणीबरोबर कालवतात. थायलंडमध्ये कच्ची पपई खलबत्त्यात मिरची व लिंबासह ठेचतात. ग्रीसच्या खेड्यातील सॅलडमध्ये टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह व चीज असते, पाला नसतोच. केव्हा खावे यावरही एकमत नाही. फ्रेंच लोक मुख्य जेवणानंतर खातात, अमेरिकन आधी खातात, आणि आपण पानात डावीकडे वाढून घासाघासाला बोट लावतो.

कशाला काय म्हणावे याचा निवाडा न्यायालयात गेल्याचेही उदाहरण आहे. अमेरिकेत १८८३ च्या जकात कायद्यान्वये परदेशी भाज्यांवर जकात होती, फळांवर नव्हती. टोमॅटो आणणाऱ्या व्यापाऱ्यांनी म्हटले, वनस्पतिशास्त्राप्रमाणे टोमॅटो हे फळ आहे. १८९३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शास्त्र काही म्हणो, लोक तो जेवणाबरोबर खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत, म्हणून व्यवहारात ती भाजीच. निकाल आम्हांला पटतो. पदार्थ कशाचा आहे यापेक्षा तो ताटात कोणते काम करतो हे पाहावे. हीच कसोटी आमच्या चौदा ताटल्यांना लावली असती तर फ्रूट सॅलड, जे इंदूर-बडोद्यापासून आपल्यापर्यंत सर्वत्र पुरीबरोबर गोड म्हणून वाढतात, ते गोडाच्या टेबलावर गेले असते. बटाट्याचे सॅलड भाताच्या शेजारी बसले असते. आणि पचडीला तिची जागा मिळाली असती.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोणता समाज कच्चा पाला खातो आणि कोणता खात नाही, हे पुष्कळदा त्याच्या खतावर ठरते. एफ. एच. किंग नावाचे अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ १९०९ साली चीन, कोरिया व जपान पाहून आले. त्यांचे पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. तिकडचे शेतकरी मैल्याचा कण न् कण शेताला कसा देतात व जमिनीचा कस शतकानुशतके कसा राखतात, हे त्यांनी कौतुकाने लिहिले. त्याच प्रदेशात उकळलेले पाणी पिण्याची सवय कशी रुजली आहे हेही त्यांनी नोंदविले. जुन्या चिनी स्वयंपाकात भाजी सहसा कच्ची खात नाहीत. उकळत्या पाण्यातून तरी काढतात. आम्हांला यात मोठे शहाणपण दिसते. ज्या शेतात मैला जातो तेथील पाला आगीतून गेल्याशिवाय तोंडात जाऊ नये.

आपले काय? आपल्या भागातली कोबी, फ्लॉवर, गाजर, बीट, काकडी चोर्ला घाटातून रोज गोव्याला जातात. गोव्यातील कित्येक घरांतले सॅलड आपल्या रानातून निघते. आणि शहराच्या कडेच्या शिवारात काही ठिकाणी उन्हाळ्यात सांडपाण्याच्या नाल्यावर मोटार बसते हे आपण सगळे जाणतो आणि कोणी बोलत नाही. ज्यांच्या विहिरी फेब्रुवारीतच तळ गाठतात त्यांची अडचण आम्हांला समजते. परंतु त्या पाण्यावरचा ऊस निराळा आणि त्या पाण्यावरची कोथिंबीर निराळी. ऊस गुऱ्हाळात उकळतो. कोथिंबीर कोणाच्या तरी लेकराच्या ताटात कच्ची पडते. विषमज्वर व कावीळ या वाटेने येतात.

याहून एक वाईट रोग आहे, ज्याविषयी आपल्या समाजाने विशेष सावध असावे, कारण आपल्यापैकी पुष्कळ घरी डुकरे आहेत. अर्धकच्चे डुकराचे मांस खाल्ले तर माणसाच्या पोटात पट्टकृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून कृमीची अंडी बाहेर पडतात, उघड्यावर शौचाला गेल्याने किंवा सांडपाण्यातून ती भाजीवर येतात, आणि तो पाला न धुता खाणाऱ्याच्या पोटात जातात. तेथून आळ्या मेंदूपर्यंत पोचल्या तर फिट्स येऊ लागतात. ज्याने जन्मात डुकराचे मांस चाखले नाही अशा माणसालाही हे होते. फिट्स आलेल्या मुलीला आजही काही ठिकाणी आधी अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे नेतात आणि मग दवाखान्यात. खरे कारण कोबीच्या पानावर असू शकते. मांस पूर्ण शिजवावे, डुकरांना मैल्यापासून दूर बांधून ठेवावे, आणि कच्चे खायचे प्रत्येक पान सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. मिठाच्या किंवा शिरक्याच्या पाण्यात बुडवून ठेवले की काम झाले असे समजू नये; अंडी चोळून व पाण्याच्या धारेनेच निघून जातात.

शेतात शेणखत घालावे तेही पूर्ण कुजलेले. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला लागून वाढणाऱ्या खाद्यपिकाला कच्चे शेणखत द्यायचे तर काढणीआधी किमान १२० दिवस द्यावे लागते. गाजर-मुळ्याला हा हिशेब आपणही धरावा. फवारणीनंतर किती दिवस थांबायचे हे डब्यावर लिहिलेले असते. शिजणाऱ्या भाजीबाबत तो आकडा पाळायचाच, पण काकडी-टोमॅटोबाबत तो एक दिवसानेही मोडू नये. बाजारभाव वर गेला की उद्याची तोडणी आजच होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. २०११ साली जर्मनीत दूषित मोडाच्या मेथीने पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पहिल्या दिवसांत संशय स्पेनच्या काकडीवर आला आणि निर्दोष शेतकऱ्यांची काकडी युरोपभर कोणी घेईना. कच्च्या खाण्याच्या बाजारात नाव एकदा गेले की असे होते; दोष शेजाऱ्याचा असला तरी भाव आपलाही पडतो.

प्रकृतीच्या बाजूने थोडे सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खावीत असे सांगते, आणि त्यात बटाटा, रताळी व तत्सम पिठूळ कंद धरीत नाही. आमच्या पहिल्या क्रमांकाचे काय झाले ते वाचकांनीच पाहावे. बेळगावच्या रताळ्यांचा आम्हांला अभिमान आहे, तरीही हे म्हणतो. जेवणाच्या सुरुवातीला पालेभाजी-काकडीसारखे काही खाल्ले तर रक्तातील साखर एकदम चढत नाही. त्या गृहस्थांच्या डॉक्टरांना हेच अभिप्रेत होते. त्यांनी नुसते 'सॅलड' म्हटले आणि घरात प्रत्येकाने आपल्याला हवे ते ऐकले. डॉक्टरांनी 'कोशिंबीर खा, दही-दाणे बेताने घाला' असे म्हटले असते तर एकाही घरी गैरसमज झाला नसता. आहारविषयक पत्रके लिहिणाऱ्यांनीही याचा विचार करावा. कोशिंबीर, पचडी, कचुंबर, गोव्याकडचे करम, कानडी बांधवांची मूगडाळ भिजवून केलेली कोसंबरी, असे इतके शब्द घरात असताना उसना शब्द घेऊन लोकांना काचेच्या भांड्याकडे का धाडावे?

आपल्या बायकांनी कोशिंबिरीत जे जे घातले त्याला कारण आहे. गाजरातील कॅरोटीन, ज्यापासून अ जीवनसत्त्व बनते, ते अंगी लागण्यास थोडी स्निग्धता लागते; दाण्याचे कूट व चमचाभर तेलाची फोडणी ते काम करते. मेथीतील लोह लिंबाच्या आंबटपणाबरोबर अधिक शोषले जाते. हॉटेलात काकडीच्या कोरड्या चकत्या व कांद्याची चक्रे मांडून ज्याला ग्रीन सॅलड म्हणतात, त्याच्यात यातले काहीच नसते. लग्नाच्या पंगतीनंतर ती तशीच उष्ट्यात जातात. मिठाचा मात्र आपल्या बाजूला दोष आहे. लोणचे, पापड, सुके मासे आणि वर खारट कोशिंबीर असे रक्तदाबाच्या माणसाने करू नये. दिवसभराचे सगळे मीठ मिळून एका लहान चमच्याच्या, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत राहावे.

परवा आम्ही मावशींच्या घरी गेलो. स्पर्धेच्या दिवशी न दिलेले उत्तर द्यावयाचे होते. त्या रागावल्या नव्हत्या, निदान तसे दाखविले नाही. भाकरी थापता थापता त्यांनी माहेरची गोष्ट सांगितली. ज्वारीच्या रानात हिवाळ्यात पाथरी उगवायची. ती कोणी पेरीत नसे. भांगलायला गेलेल्या बायका ती तेथेच खुडून, झटकून, भाकरीबरोबर कच्ची खात. करडईची कोवळी पानेही तशीच. पान तोडले की पाथरीतून दुधासारखा चीक येतो आणि चव किंचित कडू लागते. आम्ही घरी येऊन पुस्तकात पाहिले. पाथरी ही शहरात महागाने विकल्या जाणाऱ्या लेट्यूसच्याच कुळातली आहे. म्हणजे रोमन लोक जे मीठ लावून खात, त्याची सख्खी बहीण आपल्या ज्वारीत फुकट उगवत होती आणि आपण तिला तण म्हणत होतो.

आता त्यांच्या भावाच्या रानात ती दिसत नाही. तननाशक मारल्यापासून बांधावरसुद्धा नाही. मजूर मिळत नाहीत, भांगलणीचा खर्च परवडत नाही, हे भावाचे म्हणणे खोटे नाही. आम्ही त्याला दोष देणार नाही. परंतु ज्याच्याकडे दोन-चार गुंठे घराजवळचे रान आहे, त्याने तेवढे तरी फवारणीतून वगळावे असे आम्हांला वाटते. पाथरीचे बी बाजारात मिळत नाही. एकदा गेली की मागवायची कोठून?

मधुमेहाच्या त्या गृहस्थांना आम्ही स्वतः जाऊन आमची चूक सांगितली. ते हसले, त्यांच्या मंडळी हसल्या नाहीत. महिला मंडळानेही पुढील वर्षासाठी ठरविले आहे की बटाटा, मॅकरोनी व कस्टर्ड यांचे टेबल वेगळे असेल, आणि परीक्षक मावशी असतील. त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर: फादरांनीही एक ताटली करून आणावी. तेव्हा तूर्त आम्ही काकडी कोचविण्याचा सराव करीत आहोत. मीठ अगदी शेवटी, वाढण्याच्या वेळी घालायचे, नाहीतर पाणी सुटते, एवढे आतापर्यंत समजले आहे.